एका किल्लीवर सारे कोठार नको : रुग्णालयाची संगणक व्यवस्था आणि एकाहून अधिक क्लाउड

रुग्णालयाच्या जमाखर्चात गेल्या काही वर्षांपासून 'संगणक व माहिती व्यवस्थापन' हे शीर्ष दिसू लागले आहे. अनेक हितचिंतकांनी या शीर्षाविषयी वेळोवेळी विचारणा केली असून ती रास्तच आहे. देणगीतून घेतलेले डायलिसिस यंत्र डोळ्यांनी पाहता येते, नव्या कक्षातील खाटा मोजता येतात. दरमहा भाड्यापोटी जाणारी ही रक्कम मात्र कोणत्याही फलकाखाली दाखविता येत नाही. त्यातच हे भाडे आता दोन पुरवठादारांना द्यावे लागते. त्यामुळे 'एकाच कामासाठी दोनदा खर्च कशाला?' हा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही उपस्थित झाला होता. या प्रश्नाचे उत्तर, तांत्रिक परिभाषा शक्य तितकी बाजूस ठेवून, प्रस्तुत लेखात देण्याचा प्रयत्न आम्ही करीत आहोत.

क्लाउड म्हणजे काय?

पूर्वी मुंबईतील कापडगिरण्या स्वतःच्या आवारात बाष्पयंत्रे बसवून आपापली शक्ती स्वतःच निर्माण करीत. १९१५ साली टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि गिरण्यांना तारेवरून येणारी वीज विकत घेता येऊ लागली. यंत्र सांभाळण्याचा व्याप गेला. वापराल तेवढ्याचे पैसे, असा व्यवहार सुरू झाला. संगणकाच्या बाबतीत गेल्या वीस वर्षांत नेमके हेच घडले आहे. पूर्वी प्रत्येक संस्था आपल्या इमारतीत एक वातानुकूलित खोली राखून तेथे सर्व्हर ठेवीत असे. २००६ साली ॲमेझॉनने आपल्या प्रचंड संगणक केंद्रांतील जागा व गणनशक्ती भाड्याने देण्यास आरंभ केला. पुढे गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनीही तोच मार्ग धरला. अशा भाड्याच्या, दूरस्थ संगणक व्यवस्थेला 'क्लाउड' असे म्हणतात. नाव ढगाचे असले तरी वस्तू जमिनीवरचीच आहे. मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई व चेन्नई येथे २०१५ मध्ये, ॲमेझॉनने मुंबईत २०१६ मध्ये आणि गूगलने मुंबईत २०१७ मध्ये आपली केंद्रे सुरू केली. त्यानंतर गूगलने २०२१ मध्ये दिल्ली परिसरात आणि ॲमेझॉनने २०२२ मध्ये हैदराबाद येथे दुसरे केंद्र उभारले. त्यामुळे रुग्णांची माहिती देशाबाहेर न पाठविता या सेवा घेणे शक्य झाले.

विजेची उपमा आणखी एका कारणासाठी उपयोगी पडते. वीज कंपनीची जोडणी असूनही कोणतेही रुग्णालय जनित्राशिवाय चालत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसराचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला, तेव्हा अतिदक्षता विभागांना आधार होता तो जनित्रांचाच. जनित्रावरील खर्चाला आज कोणीही 'दुहेरी खर्च' म्हणत नाही. क्लाउडच्या बाबतीत तोच विचार लावावयाचा आहे. फक्त जनित्र म्हणजे नेमके काय, हे येथे थोडे बारकाईने ठरवावे लागते.

रुग्णालयात संगणकावर काय काय चालते?

रुग्ण नोंदणी खिडकीपाशी आला की त्याचा केसपेपर निघतो. तेथपासून डिस्चार्ज कार्डापर्यंत त्याची प्रत्येक नोंद कोणत्या ना कोणत्या प्रणालीत होत असते. प्रयोगशाळेचे अहवाल, क्ष-किरण व सीटी स्कॅनच्या प्रतिमा, औषध भांडारातील साठा व औषधांच्या मुदती, रक्तपेढीची नोंदवही, शस्त्रक्रियागृहाचे वेळापत्रक, देयके, कर्मचाऱ्यांचे वेतन, लेखाविभागाची रोजकीर्द व खतावणी, या सर्वांची स्वतंत्र प्रणाली असते आणि त्या एकमेकींशी बोलत असतात.

धर्मादाय रुग्णालयास याखेरीज आणखी एक कर्तव्य असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार, दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्याकरिता देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या स्वतंत्र खात्यात जमा करावी लागते. राखीव खाटांपैकी कोणती खाट आता रिकामी आहे, निधीत शिल्लक किती आहे, ही माहिती क्षणोक्षणी बदलते. ती प्रणाली बंद असताना दारात आलेल्या निर्धन रुग्णास 'थोडा वेळ थांबा' असे सांगावे लागले, तर संस्थेच्या स्थापनेमागील हेतूलाच बाधा येते. म्हणून संगणक व्यवस्थेचा प्रश्न केवळ कार्यालयीन सोयीचा राहत नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शासकीय आरोग्य योजनांचे दावे शासनाच्या संकेतस्थळावर दाखल होतात. २०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील चौदा अंकी 'आभा' क्रमांक शासनाच्या व्यवस्थेतून येतो. वेतनाची प्रणाली एका कंपनीची, क्ष-किरण प्रतिमांची दुसऱ्या कंपनीची, आणि प्रत्येक कंपनीने आपापल्या पसंतीचा क्लाउड निवडलेला. तात्पर्य, बहुतेक रुग्णालये ठरवून असो वा न ठरवता, आजच एकाहून अधिक क्लाउडवर चालत आहेत. ही गोष्ट विचारपूर्वक करावयाची की आपोआप घडू द्यावयाची, एवढाच निर्णय आपल्या हाती उरतो.

अलीकडील चार घटना

हा निर्णय घेताना आमच्यासमोर जगातील व देशातील काही घटना होत्या. त्यांपैकी चार येथे नमूद करीत आहोत, कारण प्रत्येकीचा धडा निराळा आहे.

पहिली घटना १० मार्च २०२१ ची. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या संगणक केंद्राला आग लागली व एक संपूर्ण इमारत जळून गेली. ज्या ग्राहकांनी मूळ माहिती व तिची प्रत दोन्ही एकाच आवारात ठेवली होती, त्यांच्यापैकी काहींची माहिती कायमची गेली. धडा असा की, प्रत ही मूळ वस्तूपासून दूर असली पाहिजे.

दुसरी घटना आपल्या देशातील. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सर्व्हरवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित होऊन सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. नोंदणी, भरती व डिस्चार्ज यांचे काम पुढे कित्येक दिवस हाताने करावे लागले. हल्ल्याची झळ न पोहोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटल प्रणालीतील माहिती परत मिळविता आली. धडा असा की, हल्लेखोराचा हात जेथे पोहोचत नाही अशी एक तरी प्रत असावी.

तिसरी घटना मे २०२४ मधील. ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे सहा लाखांहून अधिक सभासद आहेत. या निधीने आपली संगणक व्यवस्था गूगलच्या क्लाउडवर दोन भिन्न भूप्रदेशांत ठेवली होती. ती उभारताना एक रकाना रिकामा राहिल्यामुळे संपूर्ण व्यवस्थेला नकळत मुदत लागली. ती मुदत संपताच दोन्ही ठिकाणची व्यवस्था एकदमच पुसली गेली. सभासदांना सुमारे आठवडाभर आपले खाते पाहता आले नाही. मात्र निधीने दुसऱ्या एका सेवा पुरवठादाराकडेही बॅकअप ठेवला होता आणि व्यवस्था पुन्हा उभी करताना तो मोलाचा ठरला. धडा असा की, दोन शहरे म्हणजे दोन किल्ल्या नव्हेत. आग व पूर यांपासून दुसरे शहर वाचविते. खाते पुसले जाणे, करार तुटणे किंवा पुरवठादाराची स्वतःची चूक यांपासून दुसरा पुरवठादारच वाचवू शकतो.

चौथी घटना म्हणजे ऑक्टोबर २०२५ मधील दोन प्रसंग. २० ऑक्टोबर रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील केंद्रात नाव-पत्त्यांच्या स्वयंचलित नोंदीत दोष निर्माण झाला व जगभरातील असंख्य सेवा कित्येक तास कोलमडल्या. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २९ ऑक्टोबर रोजी, एका चुकीच्या बदलामुळे मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर या क्लाउडवरील अनेक सेवा बंद पडल्या. यांतील एकही कंपनी लहान वा निष्काळजी म्हणता येणार नाही. धडा असा की, मोठे नाव म्हणजे अखंड सेवेची हमी नव्हे. त्याचबरोबर हेही दिसते की, दोघांवर संकट आले ते वेगवेगळ्या दिवशी.

मालिका आणि समांतर : थोडा हिशेब

या घटनांवरून 'मग सर्व काम दोन क्लाउडवर वाटून टाकावे' असा निष्कर्ष कोणी काढील. येथेच सावध राहणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी साधा त्रैराशिकाइतका सोपा हिशेब पुरतो.

समजा, एखादा पुरवठादार वर्षातील ९९.९ टक्के वेळ सेवा सुरू ठेवण्याची ग्वाही देतो. वर्षाचे तास ८,७६०. त्याचा एक सहस्रांश म्हणजे पावणेनऊ तास. एवढा वेळ सेवा बंद राहिली तरी ग्वाही मोडली असे होत नाही. आता आपण नोंदणी एका क्लाउडवर आणि देयके दुसऱ्या क्लाउडवर ठेवली, आणि डिस्चार्ज देण्यासाठी दोन्ही सुरू असणे आवश्यक असले, तर काय होईल? दोघांचे बंद राहण्याचे तास एकमेकांत मिळविले जातील. डिस्चार्जचे काम वर्षाला सुमारे साडेसतरा तास अडू शकेल. तीन क्लाउडवर वाटले तर सव्वीस तासांहून अधिक. याला मालिकेतील जोडणी म्हणतात. दिव्यांच्या माळेतील एक दिवा गेला की सारी माळ विझते, तसा हा प्रकार.

याउलट, एकच काम दोन्ही क्लाउडवर पूर्णपणे तयार ठेवले आणि एक बंद पडताच दुसऱ्याने ते उचलले, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता एक सहस्रांशाचा एक सहस्रांश, म्हणजे वर्षाकाठी जेमतेम अर्धा मिनिट. ही समांतर जोडणी. अर्थात हा अर्धा मिनिट कागदावरचा आहे. दोन्ही क्लाउडकडे जाणारी इंटरनेटची तार रुग्णालयाबाहेरच्या एकाच खड्ड्यातून जात असेल, दोन्हींचा पासवर्ड एकाच व्यक्तीकडे असेल, किंवा दोन्ही केंद्रे एकाच शहरात असून २६ जुलै २००५ सारखा दिवस उगवला, ज्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर हा हिशेब कोसळतो. दोन क्लाउड घेणे पुरेसे नाही. ते एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र आहेत ना, हे तपासावे लागते.

तीन मार्ग आणि आम्ही निवडलेला मार्ग

एकाहून अधिक क्लाउड वापरण्याचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, निरनिराळी कामे निरनिराळ्या क्लाउडवर ठेवणे. प्रत्येक कामासाठी योग्य ती सेवा निवडता येते. परंतु वर सांगितल्याप्रमाणे कामे एकमेकांवर अवलंबून असतील तर जोखीम वाढते. म्हणून परस्परांशी घट्ट बांधलेल्या प्रणाली एकत्रच ठेवाव्यात आणि वेतन किंवा वस्तुसाठ्यासारखी सुटी कामेच वेगळी करावीत.

दुसरा मार्ग, काम एका क्लाउडवर चालविणे आणि त्याची ताजी प्रत दुसऱ्या पुरवठादाराकडे राखणे. पहिला बंद पडला तर दुसरीकडे व्यवस्था उभी करण्यास काही तास लागतात; मात्र नोंदी सुरक्षित राहतात. यात भाडे मुख्यतः साठवणुकीचे असते. चालू संगणकांच्या भाड्यापेक्षा ते पुष्कळ कमी असते.

तिसरा मार्ग, एकच काम दोन्ही क्लाउडवर सदैव चालू ठेवणे. हा सर्वांत भक्कम, पण सर्वांत खर्चिक. एका ठिकाणी झालेली नोंद त्याच क्षणी दुसरीकडे पोहोचली पाहिजे, अन्यथा एकाच रुग्णाचे दोन निरनिराळे केसपेपर तयार होतील. औषधाच्या मात्रेसारख्या नोंदीत अशी तफावत प्रणाली बंद पडण्यापेक्षाही घातक ठरू शकते. बँका व शेअर बाजार हा खर्च सोसू शकतात.

आम्ही दुसरा मार्ग स्वीकारला आहे. तिसऱ्या मार्गाची भक्कमता नाकारून हा निर्णय घेतलेला नाही. धर्मादाय संस्थेने तो घेताना तुलना कशाशी करावी, हा खरा प्रश्न होता. सदैव चालू राहणाऱ्या दुसऱ्या संचाचे भाडे ज्या निधीतून द्यावयाचे, त्याच निधीतून गरजू रुग्णांच्या शस्त्रक्रिया होतात. काही तासांचा खोळंबा कागदी नोंदींनी निभावता येत असेल, तर तो टाळण्यासाठी उपचारांचा पैसा वळविणे विश्वस्त मंडळास उचित वाटले नाही. मात्र नोंदी कायमच्या गमावण्याची जोखीम कोणत्याही किमतीत पत्करावयाची नाही, यावर एकमत झाले.

प्रत्येक प्रणालीसाठी दोन प्रश्न

मार्ग ठरल्यावर प्रत्येक विभागप्रमुखास आम्ही दोनच प्रश्न विचारले. आपले काम संगणकाविना किती वेळ थांबू शकेल? आणि शेवटच्या किती वेळातील नोंदी पुन्हा हाताने भराव्या लागल्या तर चालेल? उत्तरे विभागागणिक निराळी आली, आणि तसेच अपेक्षित होते.

रक्तपेढी व अतिदक्षता विभाग यांना थांबणे परवडणारे नाही. म्हणून त्यांच्या आवश्यक नोंदींची एक प्रत रुग्णालयातच, स्थानिक सर्व्हरवर ठेवली जाते. इंटरनेट पूर्णपणे खंडित झाले तरी ती उघडता येते. दाखल रुग्ण, त्यांची औषधे व ॲलर्जी यांची छापील यादी प्रत्येक पाळीच्या आरंभी परिचारिका कक्षात ठेवली जाते. प्रयोगशाळा काही काळ हस्तलिखित अहवालांवर चालू शकते. क्ष-किरण प्रतिमांचा आकार फार मोठा असतो. एका सीटी स्कॅनच्या प्रतिमा काही शे मेगाबाइट जागा व्यापतात. म्हणून अलीकडच्या प्रतिमा जवळ आणि जुन्या प्रतिमा दूरच्या स्वस्त साठवणुकीत, अशी विभागणी केली आहे. लेखाविभागाचे काम दिवसभर थांबले तरी रुग्णाच्या जिवास धोका नाही. परंतु त्यातील एकही नोंद गहाळ होऊन चालणार नाही.

दुसऱ्या पुरवठादाराकडील प्रतीबाबत तीन नियम पाळले जातात. ती पहिल्या केंद्राच्या शहरात नसावी. तिचे प्रवेशाधिकार वेगळ्या व्यक्तींकडे असावेत. बँकेच्या लॉकरला जशा दोन किल्ल्या लागतात, तसेच येथेही एका व्यक्तीला दोन्ही ठिकाणची माहिती पुसता येऊ नये. आणि ठरावीक मुदतीपर्यंत ती कोणालाही, अगदी व्यवस्थापकालाही, बदलता किंवा पुसता येऊ नये. खंडणीखोर सॉफ्टवेअरवर हा तिसरा नियमच सर्वांत प्रभावी उपाय आहे.

एका क्लाउडवरील प्रणाली दुसरीकडे सहज हलविता यावी, याकरिता 'कंटेनर' ही पद्धत वापरली जाते. १९५६ साली 'आयडियल एक्स' या जहाजातून ५८ ॲल्युमिनियमच्या पेट्या अमेरिकेतील नेवार्कहून ह्यूस्टनला गेल्या आणि मालवाहतुकीचे स्वरूप पालटले. आत काहीही असो, पेटीचे माप ठरलेले असल्याने न्हावाशेवा बंदरातील क्रेन ती जहाजावरून उचलून थेट ट्रकवर ठेवू शकते. त्याचप्रमाणे प्रणाली व तिला लागणारे सर्व साहित्य ठरलेल्या मापाच्या संगणकीय पेटीत भरले, की ती कोणत्याही क्लाउडवर चालू शकते. अशा पेट्यांचे नियोजन करणारे 'कुबरनेटीस' हे सॉफ्टवेअर गूगलने २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केले. मात्र पेटी हलली म्हणून माहिती हलत नाही. तिची ने-आण स्वतंत्रपणे करावी लागते, आणि खर्च तेथेच होतो.

खर्चाची बाजू

क्लाउडमध्ये माहिती भरताना सहसा शुल्क नसते. ती बाहेर काढताना मात्र शुल्क आकारले जाते. धर्मशाळेत प्रवेश मोफत, पण सामान बाहेर नेताना प्रत्येक नगामागे पैसे, असा हा व्यवहार आहे. करार करताना केवळ मासिक भाडे पाहणारी संस्था येथे अडकते. २०२४ मध्ये गूगल, ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही सेवा कायमची सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी हे शुल्क माफ करण्याची घोषणा केली. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून, पुरवठादार बदलताना आकारले जाणारे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून तेथे पूर्णतः बंद करण्याची तरतूद त्यात आहे. आपल्याकडील करारांत मात्र नित्याच्या ने-आणीचे शुल्क आजही लक्षपूर्वक वाचावे लागते. दुसरीकडे प्रत पाठविताना फक्त बदललेल्या नोंदी पाठविल्या, तर हा खर्च आटोक्यात राहतो.

दुसरी बाब वस्तू व सेवा कराची. रुग्णालयाची उपचारसेवा या करातून मुक्त आहे. ही सवलत रुग्णांच्या हिताची खरी. परंतु त्यामुळे आम्ही खरेदी केलेल्या क्लाउड सेवेवर भरलेल्या १८ टक्के कराची वजावट आम्हास मिळत नाही. व्यापारी संस्थेस जो कर परत मिळतो, तो आमच्या पुस्तकात निव्वळ खर्च ठरतो. तुलनात्मक दरपत्रके पाहताना हितचिंतकांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी, ही विनंती.

तिसरा खर्च मनुष्यबळाचा. प्रत्येक क्लाउडची परिभाषा, परवाने व देयकांची पद्धत निराळी असते. दोन क्लाउड म्हणजे दोन भाषा शिकलेली माणसे. म्हणूनच दोनाचे तीन करण्याचा मोह आम्ही टाळला आहे.

गोपनीयता व कायदा

रुग्णाची माहिती दुसऱ्याच्या संगणकावर ठेवणे योग्य आहे काय, अशी शंका नातेवाइकांकडून विचारली जाते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याचे उत्तर स्पष्ट शब्दांत देतो. माहितीवर प्रक्रिया करण्याचे काम अन्य कोणाकडे सोपविले तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच राहते. 'चूक क्लाउड कंपनीची होती' हे सांगून रुग्णालयास सुटता येणार नाही. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न केल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली आहे. संगणक सुरक्षेतील गंभीर घटना सहा तासांच्या आत 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेस कळविणे २०२२ पासून बंधनकारक आहे. दोन पुरवठादार असल्यास दोघांकडूनही ही माहिती वेळेत मिळेल, असे कलम प्रत्येक करारात असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जतन कराव्या लागतात आणि मागणी केल्यास बहात्तर तासांत द्याव्या लागतात. हा हक्क रुग्णाचा आहे. प्रणाली बंद होती, हे त्याला दिलेले उत्तर होऊ शकत नाही. माहिती पाठविताना व साठविताना ती सांकेतिक स्वरूपात असते आणि तो संकेत उलगडण्याची किल्ली पुरवठादाराकडे न ठेवता रुग्णालयाकडे ठेवली जाते.

सरावाचे महत्त्व

प्रत असणे आणि ती उघडता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अग्निशमन यंत्र भिंतीवर आहे एवढ्याने समाधान मानता येत नाही, ते चालवून पाहावे लागते. याकरिता ठरावीक काळाने, बाह्यरुग्ण विभाग बंद असलेल्या दिवशी, मुख्य प्रणाली बंद आहे असे गृहीत धरून दुसऱ्या पुरवठादाराकडील प्रतीवरून व्यवस्था उभी करण्याचा सराव घेतला जातो. त्यावेळी नोंदणी खिडकीवर कार्बन लावलेले छापील केसपेपर वापरले जातात आणि व्यवस्था उभी राहिल्यावर त्या नोंदी संगणकात भरून ताळा जुळविला जातो. पाळीवरील परिचारिका, लिपिक व औषध निर्माते या सरावात मनापासून भाग घेतात. संगणकाच्या साहाय्याने वाढलेल्या नव्या पिढीतील कर्मचाऱ्यांना हाताने नोंदवही लिहिण्याची सवय राहावी, हाही त्यामागील हेतू आहे.

नातेवाइकांना व हितचिंतकांना विनंती

रुग्णांच्या नातेवाइकांना आमची विनंती आहे की, डिस्चार्ज कार्ड व महत्त्वाचे अहवाल यांची छापील प्रत घरी जपून ठेवावी, केसपेपर क्रमांक लिहून ठेवावा आणि रुग्णाची इच्छा असल्यास 'आभा' क्रमांक काढून घ्यावा. आमच्याकडील दोन प्रतींखेरीज आपल्या कपाटातील ती तिसरी प्रत असते, आणि तिला इंटरनेट लागत नाही.

देणगीदारांना एवढेच सांगावेसे वाटते की, यंत्रखरेदीसाठी एकरकमी देणगी उत्साहाने मिळते. परंतु दर महिन्याला लागणाऱ्या या अदृश्य खर्चासाठी निधी उभारणे कठीण जाते. कायम निधीच्या व्याजातील काही भाग या शीर्षासाठी राखून ठेवण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या विचाराधीन आहे. आपल्या देणगीतून मिळालेल्या खाटेवर झोपलेल्या रुग्णाचा रक्तगट, त्याची औषधे व त्याची ॲलर्जी ही माहिती मध्यरात्री तीन वाजताही डॉक्टरांच्या हाती असावी, यासाठी हा खर्च होतो. याविषयी अधिक माहिती हवी असल्यास प्रशासकीय कार्यालयात अवश्य यावे. दोन्ही करारांतील अटी व खर्चाचा तपशील पाहण्यासाठी उपलब्ध आहेत. आपला विश्वास हेच आमचे भांडवल आहे, आणि त्याचा हिशेब देणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.